निवटा : चिखलातले बीळ आणि तोंडाने नेलेली हवा

खाडीकाठच्या आपल्या घरांत निवटा नवा नाही. कुणी त्याला निवटी म्हणतात. टोपली दारात आली आणि त्यातले वर आलेले डोळे दिसले, की मुलांचा प्रश्न ठरलेला: हा मासा की बेडूक? आमच्या घरी तर पुढचाही प्रश्न निघाला, बेडूक असेल तर खायचा कसा? मसला सांगणे आलिम लोकांचे काम. प्राणिशास्त्राचे उत्तर मात्र सरळ आहे. निवट्याला कल्ले आहेत, पर आहेत, अंगावर बारीक खवले आहेत. तो मासाच आहे.

फक्त पाण्याबाहेर राहायला शिकलेला मासा. ओलसर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो हवेतला प्राणवायू घेतो. म्हणूनच त्याला अंग ओले ठेवावे लागते. डोळे कोरडे पडले की तो ते खोबणीत खाली ओढतो, तिथल्या ओलाव्यात भिजवतो आणि पुन्हा वर काढतो. छातीच्या परांवर रेटत तो चिखलावर चालतो. आपल्या खाड्यांत दिसणारा मोठा निवटा म्हणजे बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी. शास्त्रज्ञांनी 1837 साली त्याची नोंद केली आणि दुसुमिए या फ्रेंच दर्यावर्दी व्यापाऱ्याचे नाव त्याला दिले. ओहोटीच्या चिखलावर सूक्ष्म शेवाळाचा पातळ तपकिरी थर धरतो, तेच त्याचे जेवण. डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत तो हा थर खरवडतो, जणू कुणी अंगण झाडत आहे.

पण खरी नवलाई बिळात आहे. निवटा तोंडाने चिखल उचलून बाहेर टाकतो आणि बीळ खणतो. शत्रूपासून, उन्हापासून बचाव तिथेच आणि अंडीही तिथेच. अडचण अशी, की खोल चिखलातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. अंडी जगणार कशी?

जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या अत्सुशी इशिमात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर 2007 साली प्रसिद्ध केले. त्यांनी अभ्यासलेली जात आपल्या निवट्याची चुलत भावंड म्हणावी अशी. तिचे बीळ खाली जाऊन पुन्हा वर वळते आणि वरच्या टोकाला एक खोली असते. अंडी त्या खोलीच्या छताला चिकटवलेली असतात. नर ओहोटीला बाहेर येतो, तोंडात हवा भरतो, खाली जाऊन त्या खोलीत सोडतो आणि पुन्हा वर येतो. अंडी पाण्यात नव्हे, बापाने आणलेल्या हवेत वाढतात. पिल्ले तयार झाली की तोच नर रात्रीच्या भरतीला हवा तोंडाने बाहेर नेऊन टाकतो. खोलीत पाणी शिरते आणि अंडी फुटतात. वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया! अल्लाहने एवढ्याशा जिवाला केवढे काम शिकवले आहे!

हे सारे चालते ते चिखल मोकळा असेल आणि भरती-ओहोटी येत-जात असेल तोवरच. जपानमध्येच आरिआके समुद्रात ‘मुत्सुगोरो’ नावाचा निवटा मिळतो, तिथले लोकही तो आवडीने खातात. त्या समुद्राला लागून असलेल्या इसाहाया उपसागराचा आतला भाग एप्रिल 1997 मध्ये सुमारे 7 किलोमीटर लांबीच्या बांधाने बंद झाला. भरतीचे पाणी थांबले, चिखल वाळून भेगाळला आणि त्यातली बिळे गेली.

आमच्या ओळखीच्या एका खाडीकाठी हल्ली रात्री राडारोड्याचे ट्रक येतात. निवटा उडी मारून बाजूला होईलही, पण छताला चिकटलेली अंडी कुठे जाणार? आमच्या नात्यातल्या एक वृद्ध खाला हात घालून बीळ ओळखतात, आतले पाणी हलले की निवटा आहे. पूर्वी घरामागे उतरले की पुरे होई, आता त्यांना बरेच आत चालत जावे लागते.

मुलांना एकदा ओहोटीला तिथे न्या. आधी काहीच दिसणार नाही, कारण पावलांची चाहूल लागताच सगळे आत गेलेले असतात. थोडा वेळ हलू नका. मग एका बिळाच्या तोंडाशी दोन डोळे वर येतील.