टेपवाल्यांचं तिकीट

कॅलिफोर्नियातल्या बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये २७ ऑक्टोबर १९८४ ला ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं होती आणि वेगळी जागाही होती. ध्वनियंत्रणेच्या टेबलामागच्या रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. तिथे मायक्रोफोनच्या काठ्या उभ्या करा, यंत्रं मांडा, कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपून घ्या, घरी न्या, मित्रांना वाटा. अट एकच: विकायचं नाही.

याचं नवल वाटायला हवं, कारण इतर बँडच्या कार्यक्रमांत रेकॉर्डर सापडला की दारावरचे रखवालदार तो काढून घेत. लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये माइक मिलार्ड नावाचा एक निष्णात टेपवाला व्हीलचेअरमध्ये बसून जायचा. त्याचे पाय धडधाकट होते. नाकामिचीचं जड यंत्र आत न्यायला त्या खुर्चीत जागा होती, एवढंच कारण. ‘लेड झेपलिन’चा २१ जून १९७७ चा तिथला कार्यक्रम त्याने असाच टिपला आणि आजही रसिक ते रेकॉर्डिंग शोधून ऐकतात.

मग ग्रेटफुल डेडनेच एवढी मोकळीक का दिली? मराठी वाचकाला हे कारण पटकन कळेल असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. तोच राग तोच गायक मैफिलीत तासभर मांडायचा आणि पुढच्या मैफिलीत पुन्हा वेगळा मांडायचा. भीमसेनजींचा एक पूरिया ऐकलेला माणूस ‘झाला ऐकून’ म्हणून दुसरा टाळत नाही. या बँडचंही तसंच होतं. ‘डार्क स्टार’ हे त्यांचं गाणं १९६८ मध्ये तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. रंगमंचावर तेच वीस-पंचवीस मिनिटं चालायचं आणि कुठून कुठे जाईल याचा नेम नसायचा. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले. आज काय वाजवायचं ते बरंचसं त्याच संध्याकाळी ठरायचं. अशा बँडची स्टुडिओत केलेली तबकडी घेऊन रसिकाचं पोट भरत नाही. त्याला त्या त्या रात्रीचं गाणं हवं असतं.

परवानगी मिळायच्या आधीपासून लोक टिपत होतेच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये टेपांची फुकट देवाणघेवाण करणारी मंडळं उभी राहिली. त्यांतूनच १९७४ मध्ये ‘रेलिक्स’ हे नियतकालिक निघालं. पुढे सोनीचा टीसी-डी५ आला. खांद्याला अडकवता येणारा, दोन जाड्या बॅटऱ्यांवर चालणारा हा कॅसेट रेकॉर्डर अनेक टेपवाल्यांचा लाडका होता. टेपवाले वाढले तशी सभागृहाच्या मधोमध काठ्यांची गर्दी झाली. आवाज सर्वांत चांगला येतो ती जागा ध्वनियंत्रणेच्या टेबलाच्या पुढची, म्हणून सगळे तिथेच जमायचे आणि मागच्यांना रंगमंच दिसेना. तक्रारी आल्या. हाकलून देणं सोपं होतं, पण बँडने त्यांना टेबलामागे जागा दिली. आम्ही वाजवून झालं की ते संगीत ऐकणाऱ्यांचं, असं बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया उघडपणे म्हणायचा.

मी अमेरिकेत शिकायला गेले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी मिरजेची. घरात रॉक कुणी ऐकत नव्हतं. माझ्या रूममेटच्या पलंगाखाली बुटांच्या खोक्यांत कॅसेटी ठासून भरल्या होत्या. बहुतेक मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात तारीख, गाव, सभागृह, गाण्यांचा क्रम, आणि शेवटी ही प्रत कितवी आहे ते. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी थोडी खरखर वाढते, म्हणून मूळ टेपपासून आपली प्रत किती हात दूर आहे हे प्रामाणिकपणे लिहायचं, हा तिथला शिष्टाचार. खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण बंद ठेवायचं, कारण दोन यंत्रांची डॉल्बी जुळली नाही तर प्रत मंद होते. टेप भरली की मागचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होत नाही.

नवख्याकडे बदल्यात द्यायला काहीच नसतं. त्याची सोयही त्यांनी करून ठेवली होती. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपालखर्चाचं पाकीट एखाद्या अनोळखी माणसाला पाठवायचं. तो रात्री बसून प्रती करायचा आणि त्याच पाकिटातून परत पाठवायचा. मेहनतीचे पैसे मागणं हा तिथे मोठा अपराध मानला जाई. ओहायो, ओरेगॉन, टेक्सास, कुठकुठून माझ्या नावाने पाकिटं आली. पाठवणाऱ्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. परक्या देशात नवी असताना त्या पाकिटांनी मला जो धीर दिला, तो मी विसरलेले नाही.

सप्टेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रूममेटबरोबर मी टेपवाल्यांच्या रांगेत बसले. माणसाच्या दुप्पट उंचीच्या काठ्या आणि त्यांच्या टोकांना मायक्रोफोनच्या जोड्या. पण प्रत्येकाकडे भारी मायक्रोफोन नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्या रेकॉर्डरमधून तार निघून शेजाऱ्याच्या रेकॉर्डरला, तिथून पुढच्याला, अशी साखळी रांगभर गेलेली. एका मायक्रोफोनच्या जोडीवर कितीतरी यंत्रं जगत होती! गाणं सुरू झालं की त्या रांगेत कुणी बोलायचं नाही, मायक्रोफोनखाली टाळी वाजवायची नाही. शेजारच्या गृहस्थाने माझ्या हातात वही आणि छोटी विजेरी दिली आणि प्रत्येक गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं ते लिहायला बसवलं. उलटायच्या वेळी कॅसेट दोन सेकंदांत पालटणारे ते हात मला अजून आठवतात, कारण तेवढ्या दोन सेकंदांचं संगीत कायमचं जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

श्रोत्यांतून केलेल्या अशा रेकॉर्डिंगमध्ये सभागृहाचा घुमार आणि लोकांचा कल्लोळही येतो. ध्वनियंत्रणेच्या टेबलावरून थेट घेतलेली टेप त्याहून स्वच्छ, पण ती बँडच्या माणसांकडेच असायची. बेटी कँटर-जॅक्सन या रेकॉर्डिस्ट बाईंनी १९७० च्या दशकात केलेल्या अशा टेपा म्हणजे या जगातलं सोनं. मायक्रोफोन आणि मिक्सिंग यांच्यावर बाईंचा असा हात होता की प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलेलं ऐकू येतं. त्यांच्यावर वाईट दिवस आले, साठवणीच्या गाळ्याचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये गाळ्यातलं सामान लिलावात गेलं. त्यात टेपांची रिळं होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्याकडून प्रती झाल्या आणि दोन-तीन वर्षांत त्या देशभर पोचल्या. ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम यांतूनच हजारो घरांत गेला. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत तो घेतला. कंपनीने तो अधिकृतपणे विकायला काढला तो २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. मधल्या काळात तो जिवंत राहिला तो घरोघरच्या प्रतींमुळे. एखादं रेकॉर्डिंग एकाच कपाटात असलं की त्याचं भवितव्य त्या कपाटाच्या भाड्यावर अवलंबून असतं, ही गोष्ट मला या लिलावाने पटवली.

यामुळे बँडचं नुकसान झालं का? अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचलेलं त्यांचं एकच गाणं, ‘टच ऑफ ग्रे’, तेही १९८७ मध्ये. तरी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वाधिक तिकीटविक्रीच्या दौऱ्यांत त्यांचं नाव असायचं. फुकट टेप ऐकून माणूस घरी बसला नाही, तो तिकिटाच्या रांगेत उभा राहिला.

१९९५ मध्ये गार्सिया गेला आणि बँड थांबला. १९९८ पासून टेपवाले संगणकावरून, आवाज जराही न गमावता फाइली देऊ लागले. शंभरावी प्रतही पहिलीसारखीच. प्रत कुठून कशी आली ते लिहून ठेवायची शिस्त मात्र तशीच राहिली. २००२ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेने मैफिलींचा खुला संग्रह सुरू केला. परवानगी देणाऱ्या कलावंतांचीच रेकॉर्डिंग तिथे ठेवली जातात. आज ती दोन लाखांच्या वर आहेत. नोव्हेंबर २००५ मध्ये ग्रेटफुल डेडच्या टेपा तिथून उतरवून घेणं बंद झालं, तेव्हा रसिक खवळले. बँडचा बेसवादक फिल लेश यानेही आपल्याला हे विचारलं नव्हतं असं जाहीर केलं. शेवटी तोडगा निघाला: श्रोत्यांनी केलेल्या टेपा उतरवून घ्या, टेबलावरच्या फक्त तिथेच ऐका. मला हा तोडगा न्याय्य वाटतो. ज्याने मायक्रोफोन धरला त्याचं त्याला मिळालं.

सगळेच कलावंत असे नसतात आणि त्यांनी असावं असा माझा हट्टही नाही. ‘किंग क्रिमसन’च्या रॉबर्ट फ्रिपचा चोरून रेकॉर्डिंग करायला कडाडून विरोध. श्रोत्यांतल्या यंत्रामुळे वादक आणि श्रोते यांच्यातलं नातं बिघडतं, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. कायदाही कलावंताच्या बाजूने आहे. अमेरिकेने १९९४ मध्ये परवानगीशिवाय मैफिली टिपून विकण्यावर बंदी आणली. त्याच वर्षी आपल्या कॉपीराइट कायद्यातही दुरुस्ती होऊन गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला.

आणि या कथेत आपला एक धागा खरोखर आहे. ग्रेटफुल डेडचा पहिल्या काळातला ध्वनितज्ज्ञ औस्ली स्टॅन्ली प्रत्येक कार्यक्रम टिपायचा, आपण लावलेला आवाज कसा होता हे नंतर तपासण्यासाठी. २९ मे १९७० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फॅमिली डॉग’ सभागृहात त्याने अली अकबर खाँसाहेबांचं सरोद आणि इंद्रनील भट्टाचार्य यांची सतार टिपली. तबल्यावर माहीमचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, झाकीर हुसेन. स्टॅन्ली २०११ मध्ये गेला. त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाने ती टेप २०२० मध्ये प्रकाशित केली. नुकताच अमेरिकेत पोचलेला झाकीर कसा वाजवत होता हे आज आपण ऐकू शकतो, कारण एका रॉकवाल्याला रोजचा आवाज जपायची सवय होती.

माझ्या बाबांकडे ग्रुंडिगचा स्पूल रेकॉर्डर होता. मिरज-सांगलीच्या घरगुती मैफिलींत यजमान त्यांना बोलवायचे ते ‘कुणाला द्यायची नाही’ या अटीवर, आणि बाबांनी ती आयुष्यभर पाळली. ते गेल्यावर कपाट उघडलं तर काही रिळांवर पावसाळ्यांची बुरशी होती. ज्या गायकांची ती गाणी, त्यांच्या घरच्यांना मी एकेक करून पत्रं लिहिली. एका गायिकेच्या मुलाने आईचा तो भूप कधी ऐकलाच नव्हता. त्याने आनंदाने परवानगी दिली आणि प्रत त्याच्या दोन्ही बहिणींनाही पाठवायला सांगितलं. आता ते गाणं चार घरांत आहे.

तुमच्याही माळ्यावर अशी रिळं असतील. बुरशी दिसत असेल तर यंत्रावर चढवू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. खोक्यावरचं जुनं हस्ताक्षर पुसू नका, त्याचा फोटो काढा. तारीख, गाव, गायक, साथीदार, यजमान, जे आठवतं ते घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. संगणकावर घेताना एमपी३ करू नका, वेव्ह किंवा फ्लॅक फाइल करा. मग कलावंताला, किंवा तो नसेल तर त्याच्या वारसांना विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तर पहिली प्रत त्यांना द्या.