वाघाटीचीं पिलें

मांजर हें षष्ठीदेवीचें वाहन. म्हणून आमच्या घरांत त्यास कोणी दुखवीत नाहीं. मांजराच्या पिलांवर दया करतांना आपल्या हातून पाप घडेल, हें आमच्या कधीं स्वप्नींहि आलें नव्हतें. परंतु तें घडलें; आणि वाचकांच्या घरीं तें घडूं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

कांहीं वर्षांपूर्वीं उत्तर पुणें जिल्ह्यांतील आमच्या शेतांत ऊसतोडणी चालली असतां पाचटांत दोन पिलें सांपडलीं. अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पट्टे. कोणी म्हणे बिबट्याचीं, कोणी म्हणे मांजराचीं. टोळींतील एक वृद्ध बाई मात्र म्हणाली, "गुरुजी, हलवूं नगा. त्यांची आय रातच्याला येऊन नेईल." आम्हांस तें अडाणीपणाचें वाटलें. पिलें घरीं आणलीं, सूनबाईंनीं कापसाच्या वातीनें गाईचें दूध पाजलें. तिसऱ्या दिवशीं दोन्ही गेलीं. त्या रात्रीं बांधाकडून कांहींतरी ओरडत फिरत होतें, असें वाटेकऱ्यानें मागाहून सांगितलें.

तीं पिलें वाघाटीचीं होतीं. (हें नांव कांहीं ठिकाणीं दुसऱ्या एका रानमांजरासहि देतात.) वाघाटी ही जगांतील सर्वांत लहान रानमांजरांपैकीं एक, पूर्ण वाढलेलीचें वजन अवघें एक ते दीड किलो. ती भारत, श्रीलंका व नेपाळ या देशांतच आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें आहे. तिचीं पिलें घरीं पाळणें हा गुन्हा होय. अमरकोशांत मांजरास 'आखुभुक्', म्हणजे उंदीर खाणारा, असें नांव आहे. वाघाटी तें सार्थ करते. म्हणजे ती शेतकऱ्याची चाकरी बिनपगारीच करते. दाट उसांत ती पिलें घालते, आणि तोडणीच्या वेळीं तीं उघडीं पडतात.

जुन्नर भागांत यावर एक साधा उपाय चालतो. शेतकऱ्यानें कळवितांच वनखात्याचीं माणसें व माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रांतील पशुवैद्य येतात. पिलें तपासून, सांपडलीं त्याच जागीं, संध्याकाळीं उघड्या पेटींत ठेवतात. आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा लावतात आणि दूर होतात. अंधार पडल्यावर आई येते व एकेक पिलूं तोंडांत धरून नेते. म्हणजे त्या बाईचें म्हणणें अक्षरशः खरें होतें!

मात्र शेतकऱ्यानें काम थांबविलें नाहीं, तर वनखातें काय करणार? ही गोष्ट अन्यत्रहि दिसते. ओरिसांतील चिलिका सरोवराभोंवतीं मासे धरणारें एक रानमांजर राहतें. तेथें २०२२ सालीं जाहीर झालेल्या गणनेंत तीं सुमारें १७६ भरलीं. हीं मांजरें राखीव अरण्यांत नव्हे, तर कोळ्यांच्या वस्तीलगतच्या दलदलींत राहतात. आणि गणनेच्या कामांत तेथील गांवकरी व कोळी यांचाहि हात होता. शेजाऱ्यांनीं सांभाळलें तरच अशीं जनावरें टिकतात.

गेल्या हंगामांत आमच्या उसांत पुन्हां तीन पिलें निघालीं. या वेळीं आम्हीं तोडणी तेवढ्यापुरती थांबविली. थोरल्या नातीनें वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि केला. मुलांस शेताकडे फिरकूं दिलें नाहीं. हेंच सर्वांत कठीण गेलें. सकाळीं पेटी रिकामी होती. छायाचित्रांत आई तिसरें पिलूं घेऊन वळलेली दिसली.

तें चित्र नातवंडांनीं देवघराशेजारीं लावलें आहे. पहिल्या दोघांचें चित्र आमच्यापाशीं नाहीं. पण तीं आम्हांस विसरलीं जात नाहींत. वाचकहो, आपल्या शेतांत अशीं पिलें दिसलीं तर त्यांस उचलूं नका, दूध पाजूं नका. काम थांबवा, वनखात्यास कळवा आणि आईस एक रात्र द्या.