सायमोसुकस : वनस्पतींवर जगणारा मगरीचा आप्त

मगर म्हटली की लांब जबडा, अणकुचीदार दात आणि पाण्यात दबा धरून बसलेले धूड डोळ्यांपुढे उभे राहते. मगरीचे कुळ कोट्यवधी वर्षांत बदललेच नाही, असाही समज रूढ आहे. तो किती अपुरा आहे, हे मादागास्कर बेटावरील एका छोट्या प्राण्याच्या जीवाश्मांनी दाखवून दिले.

या प्राण्याचे नाव सायमोसुकस, म्हणजे चपट्या नाकाची मगर. २००० साली शास्त्रज्ञांनी त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. डायनोसॉर युगाच्या अखेरीस, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी, तो वायव्य मादागास्करमध्ये वावरत असे. त्याची लांबी जेमतेम पाऊण मीटर होती. मुस्कट आखूड व बोथट, शेपूट तोकडे आणि अंगावर हाडांच्या तकटांचे चिलखत, अशी त्याची ठेवण होती. त्याचा वावर पाण्यात नव्हे, तर जमिनीवर असे.

त्याचे दात विशेष उल्लेखनीय आहेत. लवंगेसारख्या आकाराच्या या दातांच्या कडेला लहान लहान टोके आहेत. भक्ष्य पकडण्यापेक्षा पाला कातरण्यास ते अधिक योग्य होते. म्हणूनच हा प्राणी वनस्पतिभक्षक असावा, असे मानले जाते. काही शाकाहारी डायनोसॉरांचे दातही असेच असत. केवळ सुटे दात हाती आले असते, तर ते डायनोसॉरचे ठरण्याचा संभव होता. दात जबड्यात आणि कवटी सांगाड्यासह मिळाली, म्हणूनच हा प्राणी मगरीचा आप्त असल्याचे निश्चित करता आले.

या गोष्टीचा बोध आपल्याकडेही उपयोगी आहे. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत भारत व मादागास्कर हे एकाच भूखंडाचे भाग होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिजदुरा येथे डायनोसॉर युगाच्या अखेरच्या काळातील खडकांत डायनोसॉरांची हाडे व अश्मीभूत विष्ठा सापडली आहे. अशा परिसरात विहीर वा रस्ता खोदताना हाडासारखा दगड दिसल्यास तो उचलून नेऊ नये. जागा व थर यांची नोंद करून छायाचित्र घ्यावे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास कळवावे. जागेवरून हललेला जीवाश्म आपल्या इतिहासाचा मोठा भाग गमावून बसतो. गावकऱ्यांना हे समजावून देण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य उत्तम प्रकारे करू शकतील.