रजिस्टर-पत्त्यांचे मॅक्रो व त्यांचे परीक्षण

रजिस्टर-पत्त्याचा मॅक्रो म्हणजे ग्राफिक्स चिपमधील एखाद्या रजिस्टरच्या आकडी पत्त्याला सी भाषेतील आज्ञावलीत दिलेले नाव होय. रजिस्टर हा चिपमधील काही बिटांचा कप्पा असतो; त्यात ठरावीक संख्या लिहिली की पडदा सुरू होतो किंवा त्यावरील चित्राची मांडणी बदलते. हे लेखन करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. प्रस्तुत लेखातील उदाहरणे लिनक्समधील इंटेलच्या आय-९१५ या ड्रायव्हरची आहेत. त्याची आज्ञावली खुली आहे आणि चिपच्या अनेक पिढ्यांच्या माहितीपुस्तिकाही प्रकाशित आहेत. त्यामुळे हिंगोलीतील विद्यार्थ्यालाही दोन्ही शेजारी ठेवून ताळा पाहता येतो.

पत्त्याची रचना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. वसमत किंवा कळमनुरी येथील घरे जागची हलली नाहीत. पत्त्यातील जिल्हा तेवढा बदलला. रजिस्टरच्या पत्त्याचेही असेच दोन भाग असतात : पाया आणि त्या पायापासूनचे अंतर, म्हणजे ऑफसेट. इंटेलच्या व्हॅलीव्ह्यू चिपमध्ये पडद्याच्या रजिस्टरांचा पाया १८०००० इतका पुढे सरकला, परंतु आतील ऑफसेट बव्हंशी पूर्वीचेच राहिले. (येथील सर्व पत्ते षोडशमान पद्धतीतील आहेत.) म्हणून पाया वेगळा लिहिणे सोयीचे ठरते.

चित्र पडद्याकडे नेणाऱ्या मार्गास पाइप म्हणतात. एका चिपमध्ये असे अनेक पाइप असून प्रत्येकाचे रजिस्टर स्वतंत्र असते. पहिल्या पाइपच्या नियंत्रण-रजिस्टरचा ऑफसेट ७०००८, तर दुसऱ्याचा ७१००८ आहे. दोहोंतील अंतर १०००. तेव्हा तिसऱ्याचा ७२००८ असणार, हे गणिताने काढता येते. मॅक्रो हेच करतो : पहिला पत्ता अधिक क्रमांक गुणिले दोहोंतील फरक. क्रमांक शून्यापासून मोजतात.

मात्र चेरीव्ह्यू या चिपमध्ये तिसऱ्या पाइपची रजिस्टरे ७२००० पासून नव्हे, तर ७४००० पासून सुरू होतात. केवळ सूत्रावर विसंबणारा मॅक्रो तेथे भलत्याच कप्प्यावर जाऊन पोहोचेल. आज्ञावली निमूटपणे संकलित होईल, पहिले दोन पडदे चालतील आणि दोष तिसरा पडदा जोडणाऱ्याच्या पदरी येईल. म्हणूनच परीक्षकाने पहिले दोन पत्ते बरोबर आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. पुस्तिकेतील शेवटचा पत्ता सूत्राने येतो का, हेही पाहावे. अंतरे समान नसतील तर सर्व पत्ते एकेक लिहून त्यांतून निवड करणारा निराळा मॅक्रो वापरतात.

परीक्षणातील मुद्दे

मॅक्रो हे फलन नव्हे. ती केवळ मजकुराची अदलाबदल आहे. क्रमांकाच्या जागी ‘पाइप + १’ असे आले आणि व्याख्येत त्याभोवती कंस नसतील, तर फरकाने गुणला जातो तो केवळ १, आणि पाइपचा क्रमांक पत्त्यात तसाच मिळवला जातो. शाळेतील पदावलीची हीच चूक येथे यंत्राला भोवते. पूर्वी आय-९१५ मध्ये पत्ता ही साधी संख्या होती, त्यामुळे चुकीच्या जागी पडलेला कंसही खपून जाई. २०१५ च्या अखेरीस पत्त्यासाठी वेगळा प्रकार निर्माण करण्यात आला. तेव्हापासून पत्त्याच्या जागी भलती संख्या दिल्यास संकलकच ती नाकारतो. या ड्रायव्हरमधील हा बदल सर्वांत उपयुक्त म्हणावा लागेल.

दुसरा दोष अधिक लपून राहणारा आहे. काही मॅक्रो आपल्या कंसात न मागितलेले, पण वापरणाऱ्या फलनात अमुक नावाने असलेच पाहिजे असे चल परस्पर घेत. वाचणाऱ्यास ते दिसत नसे. २०२४ मध्ये अशा अनेक मॅक्रोंना ते चल उघडपणे देण्याची रीत लावण्यात आली.

रजिस्टरमधील बिटांसाठी २०१९ पासून तपासणीसह येणारे मॅक्रो आहेत. क्षेत्रात न मावणारी स्थिर संख्या तेथे संकलनाच्या वेळीच पकडली जाते. नावांबाबतचा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो : पुढील पुस्तिकेत रजिस्टरचे नाव बदलले तरी ड्रायव्हरमध्ये मूळ नाव कायम ठेवावे. त्यामुळे एकाच कप्प्याला दोन नावे पडत नाहीत. नव्या चिपसाठी निराळी व्याख्या लागलीच, तर ती ज्या पिढीपासून लागू होते त्या पिढीचे नाव आरंभी जोडतात.

एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये अशा व्याख्यांच्या प्रचंड फायली यंत्राद्वारे तयार होतात. त्या ओळीगणिक वाचणे अशक्यप्राय असल्याने तेथे त्यांच्या वापराचेच परीक्षण करावे लागते.

चुकीच्या पत्त्यावरील लेखनाचा परिणाम

बहुधा पडदा काळा होतो किंवा यंत्र अडकते; पुन्हा सुरू केल्यावर ते सावरते. परंतु नेहमीच तसे घडत नाही. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांतील कायमस्वरूपी स्मृती बिघडून ती निकामी होऊ लागली. आरंभी ग्राफिक्स ड्रायव्हरवरही संशय गेला. प्रत्यक्षात दोष आज्ञावलीचा मागोवा घेणाऱ्या एफ-ट्रेस या सुविधेचा निघाला. आधीच मोकळ्या झालेल्या जागी आज्ञावली आहे असे समजून ती लिहीत होती आणि त्या पत्त्यावर आता कार्ड होते.