अतिशीत चिपचा कान

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि पाचोऱ्याहून जामनेरला जाणारा रस्ता पहूरला एकमेकांना भेटतात. तिथल्या वाहनांची नोंद ठेवणाऱ्याने एका वेळी एकाच दिशेला पाहायचे ठरवले, तर बाकीच्या दिशांची वाहने निसटणारच. नेहमीच्या रेडिओ रिसीव्हरचे असेच होते. अँटेनावर असंख्य लहरी एकदम येऊन आदळतात; रिसीव्हर त्यांतला एक अरुंद पट्टा निवडतो, त्याची वारंवारता खाली उतरवतो आणि मग त्याचे आकडे करतो. घरच्या रेडिओला तेवढे पुरते. लष्कराला पुरत नाही, कारण तिथे संदेश सतत वारंवारता बदलत धावतो आणि शत्रू त्याच पट्ट्यात मुद्दाम गोंगाट ओततो. म्हणून अँटेनालगतच सगळ्या पट्ट्याचे आकडे करावेत आणि निवडानिवड पुढे संगणकाने करावी, ही कल्पना पुढे आली. न्यूयॉर्क राज्यातील हायप्रेस कंपनीने अमेरिकी सैन्यदलांच्या पाठबळावर नायोबियम धातूच्या अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, चिपांचे असे रिसीव्हर बांधले. उपग्रह संपर्काच्या एक्स-बँडमधले संकेत, वारंवारता न उतरवता, त्यांनी थेट आकड्यांत घेतले.

या चिपांचे कौतुक बहुधा वेगासाठी होते. १९९९ साली अशाच तंत्राच्या एका साध्या परिपथाने ७७० गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला होता, तेव्हा ते कौतुक खोटे नाही. पण माझ्या मते खरा मुद्दा मापाच्या चोखपणाचा आहे. दोन अतिवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अतिशय पातळ थर ठेवला की काय घडेल, हे ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली सांगितले. १९८५ च्या सुमारास मॉस्कोत लिखारेव्ह, सेमेनोव्ह आणि मुखानोव्ह यांनी त्या रचनेतून, म्हणजे जोसेफसन जोडातून, निघणारा विजेचा सूक्ष्म ठोका हाच आकडेमोडीचे एकक मानला. ठोका आला तर एक, नाही आला तर शून्य. प्रत्येक ठोक्याचे क्षेत्रफळ, म्हणजे व्होल्टेज गुणिले काळ, निसर्गाच्या स्थिरांकांनीच ठरलेले असते. व्होल्टचे प्रमाण ठरवणाऱ्या प्रयोगशाळाही याच गुणाचा आधार घेतात. जळगावच्या सराफाकडची सगळी वजने कधीही न झिजणारी आणि तंतोतंत सारखी असावीत, तशी ही मापे. मुद्दाम गोंगाट ओतणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे जॅमरच्या, प्रचंड गोंगाटाशेजारी आपल्या तुकडीचा क्षीण संदेश असतो. मापात किंचित खोट असेल, तर गोंगाटाचीच खोटी प्रतिबिंबे त्या संदेशावर पडतात आणि तो हरवतो. पट्टा रुंद ठेवूनही माप चोख राहणे, हे या चिपचे बळ आहे.

पहिला आक्षेप थंडीचा, आणि तो रास्त आहे. नायोबियमच्या या चिपा सुमारे ४ केल्विनवर, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसवर चालतात. आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. पण हिशेब करून पाहिला की खानदेशचे ऊन हा खरा अडथळा नाही, हे दिसते. ४ केल्विनवरून एक वॉट उष्णता बाहेर काढायला, बाहेर ३० अंश असताना आदर्श यंत्राला ७५ वॉट लागतील आणि ४५ अंशांत ७९. प्रत्यक्षातली यंत्रे या आदर्शापासून फार दूर आहेत, खरी अडचण ती. प्रयोगशाळांत सर्रास दिसणारे शीतयंत्र त्या एका वॉटसाठी सात किलोवॉटच्या आसपास वीज खाते. त्यामुळे ही चिप जवानाच्या पाठीवर जाणार नाही. युद्धनौका किंवा उपग्रहाचे भूकेंद्र मात्र एवढी वीज सहज देऊ शकते, आणि सगळ्यात रुंद पट्टा ऐकण्याची गरजही तिथेच असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: साध्या अर्धवाहक चिपाही वर्षागणिक वेगवान होत आहेत, मग हा खटाटोप कशाला? बहुतेक कामांना त्या पुरेशा आहेत, हे मान्यच केले पाहिजे. संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नौदलासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी सॉफ्टवेअर-आधारित रेडिओंचा एक हजार कोटींहून मोठा करार केला, तो नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावरच. अतिवाहक रिसीव्हरने त्या रेडिओंची जागा घ्यावी असे मी म्हणत नाही. प्रचंड आवाजाशेजारची कुजबुज ऐकायची असेल, तिथे तो हवा.

आणि त्याची तयारी महाराष्ट्रात अर्धीअधिक झालेली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने २०१५ साली जोसेफसन जोडावर चालणारा, ६०० मेगाहर्ट्झहून रुंद पट्ट्याचा प्रवर्धक दाखवला. ऑगस्ट २०२४ मध्ये हीच संस्था, डीआरडीओची पुण्यातील क्वांटम प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या सहा क्युबिटांच्या अतिवाहक क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. क्युबिटची, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूळ एककाची, अवस्था वाचणे म्हणजेही अतिक्षीण मायक्रोवेव्ह संकेत ऐकणे. उणीव आहे ती कारखान्याची. रिसीव्हरच्या एका चिपवर हजारो जोड एकसारखे निघावे लागतात. सहा क्युबिटांच्या चिपवर ती परीक्षा होत नाही. अशी नायोबियमची चिप इथे बनली, तर तिची पहिली चाचणी नारायणगावजवळच्या खोडदला घ्यावी. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने आपला पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर नेला आहे. दूरच्या दीर्घिकांच्या क्षीण लहरी आणि माणसाच्या वापरातल्या रेडिओ लहरींचा गोंगाट तिथे एकाच अँटेनावर येतात, आणि तिथे मोजलेले काहीच गुप्त ठेवावे लागत नाही.