नारपोलीचा महिना कोणत्या भावाने मोजायचा?

केंद्र सरकारच्या अठरा हजार मूळ पगाराच्या शिपायाला बदलापुरात नेमणूक असेल तर घरभाडे भत्ता मिळतो ५,४०० रुपये. त्याची बदली भिवंडीला झाली की ३,६००. बदलापूर जनगणनेच्या हिशेबात बृहन्मुंबई नागरी समूहात येते, म्हणून ‘एक्स’ वर्गात. ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली की लागणारी भिवंडी मात्र स्वतंत्र धरलेली, म्हणून नागपूर-सोलापूरच्या पंगतीत ‘वाय’. भिवंडीतल्या नारपोलीच्या भाजीवाल्याला हे वर्गीकरण अजून कोणी कळवलेले नाही.

शहराशहरांतल्या खर्चाची तुलना करायची म्हटली की आपण महागाईच्या निर्देशांकाकडे धावतो, आणि तिथेच फसतो. श्रम ब्युरो देशातल्या ८८ केंद्रांवर औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्यात प्रत्येक केंद्राचा २०१६ सालचा खर्च १०० धरलेला असतो. सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला, तर सोलापूर महाग आहे असे नव्हे. २०१६ पासून सोलापुरातले भाव सोलापूरच्याच मानाने जास्त चढले, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा महागाईचा वेग सांगतो, पातळी नाही. ‘अमुक शहर तमुकपेक्षा इतके टक्के महाग’ असे त्यातून काढणारे चक्क चूक करतात.

दुसरी अडचण टोपलीची, म्हणजे कोणत्या खर्चाला किती वजन द्यायचे याची. देशभराच्या सरासरीत अन्न-पेयांना ३९.१७ टक्के वजन आहे आणि घराला १६.८७. भाड्याची पाहणी तर सहा महिन्यांतून एकदा. आता ही टोपली नारपोलीतल्या यंत्रमाग कामगाराच्या हातात देऊन पाहा. तो बारा तासांची पाळी करतो. खोली चारसहा जणांत वाटून घेतलेली; दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला आडवा होतो. जेवण भिस्सीत, म्हणजे महिन्याच्या बोलीवरच्या खानावळीत. डाळ, भात, भाजी, रोटी, दोन वेळा. गावी गेला तर खाडे किती धरायचे यावरून भिस्सीवाल्याशी घासाघीस ठरलेली. त्याला कांद्याचा भाव रोज टोचत नाही. भिस्सीचा दर वाढला की मग एकदम टोचतो. मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर, त्यामुळे माग बंद तर कमाई बंद. खोली आणि भिस्सी मात्र चालूच. आणि उरलेले पैसे जातात उत्तर प्रदेशात, बिहारात, तेलंगणात. या माणसाचा महिना एका शहरात मावतच नाही. मुलाची फी आणि आईचे औषध तिकडच्या भावाने, पोट आणि अंथरूण इकडच्या भावाने.

स्वस्त भाड्याचा आकडाही असाच अपुरा. भिवंडीतल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली आणि जवळपास चाळीस माणसे गेली. निर्देशांकाची २०१६ पायाची नवी मालिका सुरू झाली तीही त्याच सप्टेंबरपासून. खोलीचे भाडे आकड्यात शिरते. भिंत कितपत खचली आहे, ते शिरत नाही. भिवंडीत घर स्वस्त म्हणणाऱ्याने इमारत कधीची, हे आधी विचारावे.

घरापासून दूर एकट्या राहणाऱ्या कामगाराचा हिशेब मांडणे अशक्य आहे, असेही नाही. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस काढले. गिरणगावातल्या कामगारांचे जमाखर्च गोळा करून त्याचा अहवाल १९२३ मध्ये छापला. त्या वेळी कुटुंबांच्या जोडीने एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हिशेबही वेगळे घेतले होते, कारण कोकणातून नि घाटावरून आलेला गिरणी कामगार खानावळीत जेवत होता आणि मनीऑर्डर गावी धाडत होता. जुलै १९१४ चा खर्च १०० धरून मुंबईचा निर्देशांक निघाला, पुढे सोलापूरचाही स्वतंत्र निघाला. शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाला जे सुचले, ते आज सुचायला हरकत नसावी.

नोकरीसाठी गाव बदलणाऱ्या वाचकाने यातून आपल्यापुरते एवढे करावे: नव्या शहराचा सरासरी आकडा बाजूला ठेवून आपलीच वही घ्यावी. भाडे, डिपॉझिट, येण्याजाण्याचे पैसे, शाळा, घरी पाठवायची रक्कम, सगळे तिथल्या कोणाला तरी विचारून एकेका ओळीसमोर लिहावे. आणि श्रम ब्युरोकडे मागणी एकच: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यादीत आहेत, पुढच्या वेळी पायावर्ष बदलताना भिवंडी या यंत्रमागांच्या शहरालाही केंद्र करा, आणि पाहणीचा पहिला कागद एखाद्या भिस्सीत बसून भरा.