राज्याची सीमा आणि कामगाराचे निवृत्तिवेतन

मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरच्या पुढे गेले की मध्य प्रदेशाची हद्द लागते व पुढे इंदूर येते. इंदूरहून उज्जैनकडे जाताना सांवेर हे तहसिलीचे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखली जाणारी सांवेर रोड औद्योगिक वसाहत मात्र इंदूर शहरातच आहे. खानदेशातील एखाद्या तरुणाने या वसाहतीतील कारखान्यात सहा वर्षे नोकरी केली आणि नंतर गावाकडे परतून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाच वर्षे काम केले, असे समजू. त्याची सेवा अकरा वर्षांची मानावयाची, की सहा आणि पाच अशी तुटक?

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 साली सुरू झाली. तीत मालकाच्या हिश्श्यातून वेतनाच्या 8.33 टक्के रक्कम जमा होते. वयाच्या 58 व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळण्यास किमान दहा वर्षांची सेवा लागते. सहा वर्षांस ते मिळत नाही, पाचासही नाही, अकरांस मिळते. सरासरी वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे, असा हिशेब आहे. मासिक 15,000 रुपये वेतन धरल्यास अकरा वर्षांच्या सेवेवर दरमहा सुमारे 2,357 रुपये येतात. रक्कम मोठी नाही. परंतु ती आयुष्यभर मिळावयाची असते.

कायदा केंद्राचा असल्यामुळे राज्य बदलल्याने हा हक्क बुडत नाही. तो बुडतो बहुधा नोकरी सोडताना. घरी लग्न असते, कर्ज असते, आणि ‘सगळा हिशेब करून टाका’ असे कामगार स्वतःच सांगतो. निवृत्तिवेतन निधीतील रक्कम एकदा काढून घेतली की तेवढी सेवा पुसली जाते. नमुना 10 सी हा अर्ज रक्कम काढण्यासाठी आहे, तसाच योजना प्रमाणपत्र मागण्यासाठीही आहे. प्रमाणपत्र घेतल्यास जुनी सेवा जिवंत राहते व पुढील सेवेत मिळवता येते. ही गोष्ट फार थोड्यांस सांगितली जाते. ऑक्टोबर 2025 मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही रक्कम काढण्यापूर्वीची प्रतीक्षा दोन महिन्यांवरून 36 महिने करण्याचा निर्णय घेतला, त्यामागील हेतू हाच होय.

पूर्वी प्रत्येक कारखान्यात नवा खाते क्रमांक मिळे. 2014 पासून कामगारास एकच सार्वत्रिक क्रमांक, म्हणजे यूएएन, दिला जातो. नव्या मालकास तोच क्रमांक द्यावा. जानेवारी 2025 पासून निवृत्तिवेतन देशातील कोणत्याही बँकशाखेतून घेता येते.

युरोपात हाच प्रश्न स्वतंत्र राष्ट्रांमध्ये उद्भवतो. तेथील सामाईक नियमांचा प्रारंभ 1958 चा असून आजचे नियम 1 मे 2010 पासून लागू आहेत. कामगार एका वेळी एकाच देशाच्या कायद्याखाली राहतो. पात्रता ठरविताना सर्व देशांतील सेवा एकत्र धरली जाते, आणि प्रत्येक देश आपल्या वाट्यापुरते निवृत्तिवेतन देतो. भारताने अशा स्वरूपाचा करार बेल्जियमशी केला, तो 1 सप्टेंबर 2009 पासून अमलात आला. पुण्याच्या कंपनीने तेथे ठराविक मुदतीसाठी पाठविलेल्या कर्मचाऱ्यास भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र दाखविल्यास दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही.

आपल्याच देशात बांधकाम कामगारांची स्थिती मात्र बिकट राहिली. 1996 च्या कायद्याने राज्याराज्यांत वेगळी मंडळे झाली. एका राज्यातील नोंदणी दुसऱ्यात आपोआप चालत नसे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेने, कामगार जेथे काम करतो त्या राज्यात हे लाभ मिळावेत यासाठी योजना करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. शिधापत्रिकेचा प्रश्न आधीच सुटला; महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात ती 1 जानेवारी 2020 पासून चालते.

एक अडचण अगदी किरकोळ दिसते. आपल्याकडील ज्ञानेश्वर, ज्ञानदेव ही नावे हिंदी भाषक कारकून ‘ग्या’ या उच्चाराप्रमाणे रोमन लिपीत लिहितो. आधारपत्रावर अक्षरे वेगळी असतात. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. ही दुरुस्ती कारखाना सोडण्यापूर्वी करून घ्यावी. मालकाची संमती लागल्यास सांवेर रोडवर असताना ती एका फेरीत मिळते, जळगावहून मिळविण्यास महिने लागू शकतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव घालताना मुख्याध्यापकांनी रोमन अक्षरे आधारपत्राशी ताडून पाहिली, तर मुलांची पुढील खटपट वाचेल.